जन्म कुणाचा, मालकी कुणाची?

एखादा चित्रपट गाजला की त्याचा पुढचा भाग काढावा, हा चित्रपटधंद्यातील जुना हिशेब आहे. पात्रे ओळखीची असतात, प्रेक्षक ठरलेला असतो आणि भांडवल गुंतवणाऱ्याचा धोका त्या प्रमाणात कमी होतो. अशा पुढच्या भागांकडून करमणुकीची पुनरावृत्ती तेवढी अपेक्षित असते. मूळ कृतीतील विचार पुढे नेण्याची जबाबदारी ते सहसा घेत नाहीत. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत त्यांत २०१७ साली प्रदर्शित झालेल्या 'ब्लेड रनर २०४९' या विज्ञानपटाची गणना करावी लागेल.

रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' १९८२ साली आला. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवर तो आधारलेला होता. पस्तीस वर्षांनंतर डेनी व्हिलनव्ह यांनी त्याची कथा पुढे नेली. दोन तास त्रेचाळीस मिनिटांच्या या संथ चित्रपटासाठी छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांना त्यांचे पहिले ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी तेरा वेळा नामांकन होऊनही ते त्यांना हुलकावणी देत आले होते. तिकीटबारीवर मात्र चित्रपटाची निराशा झाली. त्याच्या निर्मितीस किमान १५ कोटी डॉलर खर्च आल्याचे सांगितले जाते आणि जगभरची मिळकत सुमारे २६ कोटी डॉलर झाली. तिकिटाच्या पैशातील मोठा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो हे लक्षात घेता हा व्यवहार तोट्याचाच ठरला. तथापि चित्रपटाची खरी कमाई निराळी आहे. मूळ चित्रपटाने माणूस कुणाला म्हणावे, हा प्रश्न विचारला होता. पुढच्या भागाने त्याच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न बाहेर काढला: माणूस कोण हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हाती असतो, आणि त्या निवाड्यात कुणाचा लाभ असतो? पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. दुसरा तत्त्वज्ञानाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

वेठीचा वारसा

'रोबो' या आज सर्वतोमुखी झालेल्या शब्दाची व्युत्पत्ती या संदर्भात उद्बोधक आहे. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगभर पसरला. त्याचे मूळ 'रोबोटा' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. जमीनदाराच्या शेतावर कुळाने विनामोबदला करायचे काम, म्हणजेच वेठ. चापेकचे रोबो लोखंडी नव्हते. ते रासायनिक प्रक्रियेने घडवलेले, माणसासारखे दिसणारे मजूर होते. त्यांना अपत्ये होऊ शकत नव्हती, आणि नाटकाच्या अखेरीस त्यांच्यातील एका जोडप्याच्या मनात प्रेम उमलताना दिसते तेव्हा नव्या मानववंशाची चाहूल लागते. थोडक्यात, कृत्रिम मजुराची कल्पना साहित्यात अवतरली तीच मुळी वेठ आणि जन्म हे दोन्ही विषय हातात घेऊन.

'ब्लेड रनर'मधील 'रेप्लिकंट' हे याच घराण्यातले. कारखान्यात घडवलेले, परंतु हाडामांसाचे हे प्रतिमानव टायरेल कंपनी बनवते आणि पृथ्वीबाहेरच्या वसाहतींतील धोक्याची व हलकी कामे त्यांच्याकडून करून घेतली जातात. ते माणसांहून बलवान असल्यामुळे त्यांचे आयुष्य चारच वर्षांचे ठेवलेले असते. जे पळून पृथ्वीवर येतात त्यांना हुडकून ठार मारणाऱ्या पोलिसांना 'ब्लेड रनर' म्हणतात; आणि त्या मारण्याला 'निवृत्त करणे' असा कार्यालयीन शब्द आहे. कथेतला काळ नोव्हेंबर २०१९ चा होता. तो महिना येऊन गेला; उडत्या मोटारी आल्या नाहीत आणि प्रतिमानवही आले नाहीत. तरीही चित्रपट जुना झाला नाही, कारण त्याचा विषय भविष्यकाळ हा नव्हताच. माणसाला वस्तू ठरवण्याची आणि मग त्या निर्णयाला सुसह्य नाव देण्याची जी युक्ती इतिहासाला परिचित आहे, तीच त्याने वेगळ्या वेषात दाखवली होती.

अस्थींचा पुरावा

पुढच्या भागाची कथा तीस वर्षांनंतरची. टायरेल कंपनी बुडाली आहे. पृथ्वीवरील निसर्गचक्र कोलमडल्यावर कृत्रिम शेतीने दुष्काळ टाळणारा नायँडर वॉलेस हा उद्योगपती तिचा वारसदार झाला आहे. त्याने घडवलेले नवे प्रतिमानव बंड करीत नाहीत. ब्लेड रनरचे कामही आता असाच एक प्रतिमानव करतो. त्याला नाव नाही, फक्त अनुक्रमांक आहे, आणि त्याच्या पहिल्या अक्षरावरून त्याला 'के' म्हणतात. आपल्याच जातकुळीच्या जुन्या प्रतिमानवांना मारणे ही त्याची नोकरी. प्रत्येक कामगिरीनंतर त्याची चाचणी होते आणि तीत भावनेची किंचितही हालचाल आढळली तर त्याचीही गत तीच होणार असते.

अळ्यांची शेती करून राहणाऱ्या एका जुन्या प्रतिमानवाला के ठार मारतो आणि तेथील वठलेल्या झाडाखाली त्याला एक पेटी सापडते. तीत एका स्त्रीच्या अस्थी असतात. ती बाळंतपणात मेलेली असते. आणि हाडावर कोरलेल्या क्रमांकावरून ती प्रतिमानव होती हेही उघड होते. जी जमात केवळ कारखान्यात तयार होते असे सर्वांनी गृहीत धरले, तिच्यातील एकीने मूल जन्माला घातले होते.

या एका घटनेकडे तीन पक्ष तीन दृष्टींनी पाहतात, आणि चित्रपटाचा सारा वैचारिक संघर्ष त्यातून उभा राहतो. के याची वरिष्ठ पोलीस अधिकारी जोशी हिच्या मते समाजाची घडी दोन जमातींमधील भिंतीवर टिकून आहे. ती भिंत नाहीच असे कळले तर रक्तपात अटळ. म्हणून तिला ते मूल आणि त्याचा पुरावा दोन्ही नष्ट करायचे आहेत. भूमिगत बंडखोरांना ते मूल म्हणजे मुक्तीची सनद वाटते: जे जन्माला घालू शकतात ते कुणाची मालमत्ता कसे असतील? आणि वॉलेसला ते मूल हवे आहे ते उत्पादनाच्या अडचणीवर उपाय म्हणून. नव्या ग्रहांवर वसाहती करायला त्याच्या कारखान्यांची क्षमता अपुरी पडते. प्रतिमानव स्वतःच प्रतिमानवांना जन्म देऊ लागले, तर पुरवठ्याला मर्यादा उरणार नाही. प्रत्येक संस्कृतीची झेप वापरून टाकून देण्याजोग्या मजुरांच्या पाठीवरूनच झाली आहे, असे तो निःसंकोचपणे सांगतो.

व्हर्जिनियाचा कायदा

बंडखोरांचा युक्तिवाद मनाला भावतो. जन्म हा प्रतिष्ठेचा आधार मानण्याची सवय मानवजातीला इतकी जुनी आहे की प्रेक्षकही त्याला नकळत मान डोलावतो. परंतु इतिहासाची साक्ष काढली तर ती वॉलेसच्या बाजूने जाते.

१६६२ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळाने एक कायदा केला. इंग्लंडच्या परंपरेनुसार अपत्याचा दर्जा बापावरून ठरत असे. व्हर्जिनियाने तो आईवरून ठरवला. गुलाम स्त्रीच्या पोटी आलेले मूल, बाप कोणीही असो, अगदी मळ्याचा मालक असला तरी, गुलामच राहील. या एका तरतुदीने गुलाम स्त्रीचे गर्भाशय हे मालकाच्या भांडवलाचा भाग बनले. १ जानेवारी १८०८ पासून अमेरिकेत परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली. ही संस्था त्यामुळे आक्रसेल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात १८१० च्या जनगणनेत सुमारे १२ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये ४० लाखांच्या घरात गेली. ही वाढ मुख्यतः जन्मांतून झाली होती. व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या प्रांतांतून दक्षिणेच्या कापसाच्या मुलखात लाखो माणसे विकली गेली. किती कुटुंबे त्यात फुटली याची गणतीच नाही.

आल्फ्रेड कॉनरॅड आणि जॉन मायर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ साली या व्यवस्थेच्या किफायतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुलाम स्त्रीवर गुंतवलेल्या भांडवलाचा परतावा मोजताना तिच्या शेतकामाबरोबर तिची अपत्येही उत्पन्नाच्या बाजूला धरावी लागली. हिशेबवहीतले ते रकाने वाचताना अंगावर काटा येतो. परंतु मळेवाल्यांचा हिशेब तसाच चालत होता, हे नाकारता येत नाही. नव्याने घडवलेली स्त्री मूल धारण करू शकत नाही म्हणून तिच्या पोटावर पाते फिरवणारा वॉलेस पडद्यावर राक्षसी दिसतो. वस्तुतः तो व्हर्जिनियाच्या मळेवाल्याचा वारस आहे, आणि त्याच्या तोंडी असलेले अर्थशास्त्र काल्पनिक नाही.

महाराष्ट्रालाही हा धागा अनोळखी नसावा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक निग्रोंची गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केले. तेथील दास्य आणि येथील जन्मावर ठरणारी उच्चनीचता यांतले नाते त्यांनी ओळखले होते. जन्म मुक्ती देत नाही. जन्माचा अर्थ लावण्याची सत्ता ज्याच्या हाती, तो त्याच जन्मातून बेडीही घडवू शकतो.

चित्रपटातील एक प्रसंग या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, आणि तो तुलनेने दुर्लक्षित राहतो. मुलाचा माग काढीत के सॅन डिएगोच्या परिसरातील एका अनाथालयात पोहोचतो. शहराचा कचरा जिथे येऊन पडतो अशा त्या जागी मुंडण केलेली शेकडो मुले जुनी विद्युत उपकरणे फोडून त्यांतील धातू वेगळे करीत बसलेली असतात. ही मुले माणसांची आहेत, रीतसर जन्मलेली आहेत. त्यांच्या जन्माने त्यांना काहीही दिलेले नाही. जोशीची भिंत ज्या दोन जमातींना वेगळे करते, त्यांपैकी वरच्या जमातीतली ही मुले भिंतीच्या कोणत्या बाजूला आहेत, हा प्रश्न दिग्दर्शकाने एकही शब्द न उच्चारता विचारला आहे.

उसनी स्मृती, विकाऊ माया

के याच्या मनात लहानपणीची एक आठवण आहे. लाकडी घोडा इतर मुलांनी हिसकावून घेऊ नये म्हणून एक मूल तो भट्टीत लपवते. प्रतिमानवांना बालपण नसते. त्यांच्या आठवणी कारखान्यात बसवलेल्या असतात, आणि हे के याला ठाऊक आहे. परंतु अनाथालयाच्या भट्टीत त्याला तो घोडा खरोखरच सापडतो. घोड्यावर कोरलेली तारीख झाडाच्या बुंध्यावरही असते. आपणच ते जन्मलेले मूल, आपण कुणीतरी खास आहोत, असा विश्वास त्याच्या मनात घर करतो. पुढे त्याला कळते की मूल मुलगी होते. आठवण खरी होती, पण दुसऱ्याची.

व्यक्तीची ओळख तिच्या स्मृतीच्या सलगतेत असते, असे इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत मांडले. काल जे केले ते 'माझे' म्हणून आठवते, म्हणून कालचा व आजचा माणूस एक. या सिद्धांताला चित्रपटाने दिलेला धक्का मोठा आहे. के याची सर्वांत प्रिय आठवण उसनी निघते, तरी त्या आठवणीने त्याच्यात जागवलेली जाणीव उसनी ठरत नाही. येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. प्रत्येक माणूस स्वतःच्या देहाचा व श्रमाचा स्वामी आहे असे लिहिणाऱ्या याच लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे भाग घेतले होते. व्यक्तित्वाची व्याख्या करणे एक आणि ती कुणाला लागू करायची हे ठरवणे दुसरे. वॉलेसच्या जगाची मुळे या अंतरात आहेत.

स्मृती बनवणारी आना स्टेलीन हीच ते मूल असते. निर्जंतुक काचेच्या खोलीत एकटी राहून ती प्रतिमानवांसाठी आठवणी रचते आणि वॉलेसची कंपनी त्या विकत घेते. तिच्या जन्मासाठी सारे जग झुंजत असता ती स्वतः मात्र वॉलेसच्या उत्पादनाला कच्चा माल पुरवीत असते, ही कथेतली सर्वांत कडवट विसंगती होय.

स्मृतीप्रमाणे मायाही बाजारात आहे. के याच्या घरी जॉय नावाची एक प्रकाशप्रतिमा असते. तीही वॉलेसचेच उत्पादन. ती त्याची विचारपूस करते, त्याला 'जो' हे नाव देते, त्याच्यासाठी अखेरीस स्वतःचा नाश ओढवून घेते. पुढे रस्त्यावर तिचीच अवाढव्य जाहिरात के याला त्याच नावाने हाक मारते. तिने दिलेले नाव प्रत्येक गिऱ्हाइकासाठीच होते की काय, हा प्रश्न चित्रपट उघडाच ठेवतो. प्रेम खरे होते की विक्रीकौशल्य, याचे उत्तर गिऱ्हाइकाला कधीच कळू नये, हेच त्या मालाचे वैशिष्ट्य असते. कार्ल पोलानी यांनी १९४४ साली श्रम, जमीन आणि पैसा यांना 'काल्पनिक विक्रेय वस्तू' म्हटले होते. विक्रीसाठी निर्माण न झालेल्या गोष्टींना विक्रेय मानण्यातून समाज विस्कटतो, असा त्यांचा इशारा होता. व्हिलनव्ह यांच्या जगात त्या यादीत स्मृती आणि जिव्हाळा यांची भर पडली आहे.

चित्रपटावर घेतला गेलेला एक आक्षेप येथे नोंदवणे न्याय्य ठरेल. यातील स्त्रिया बहुतांशी पुरुषाच्या इच्छेच्या वा अपत्याच्या संदर्भातच दिसतात, आणि स्त्रीदेहाच्या वस्तूकरणावर टीका करताना कॅमेरा स्वतः त्याच देहावर रेंगाळतो. हा आक्षेप निराधार नाही. पुनरुत्पादनाच्या प्रश्नावर उभी असलेली ही कथा त्या स्त्रीला मुख्यतः अस्थींच्या रूपात आपल्यासमोर आणते. 

निवड

आपण कुणी खास नाही हे कळल्यानंतर के काय करतो, यात चित्रपटाचे उत्तर आहे. बंडखोर त्याला सांगतात की चळवळीच्या रक्षणासाठी मुलीच्या बापाला, म्हणजे जुना ब्लेड रनर डेकार्ड याला, ठार मार. वॉलेसच्या हाती तो लागला तर मुलीचा ठावठिकाणा उघड होईल. के दोन्ही आज्ञा बाजूला ठेवतो. वॉलेसच्या माणसांच्या तावडीतून तो डेकार्डला सोडवतो, त्याला मेला असे भासवतो आणि मुलीच्या दारापर्यंत आणून सोडतो. जखमी के बाहेर पायऱ्यांवर पडणाऱ्या बर्फात आडवा होतो. त्याला स्वतःला यातून काहीही मिळत नाही.

मूळ चित्रपटात शेवटच्या क्षणी आपल्या मारेकऱ्याचा जीव वाचवणारा प्रतिमानव रॉय बॅटी होता. के त्याच्याही पुढे जातो. बॅटीला अधिक आयुष्य हवे होते. के याला आपण जन्मलेलो असावे असे वाटले होते, आणि ती आशा मावळल्यावर त्याने ते नाते दुसऱ्याला मिळवून दिले. बंडखोर जन्माची सनद शोधत राहतात. 'माणसाहूनही अधिक माणूस' ही घोषणा ते देतात, ती तर मुळात टायरेल कंपनीची विक्रीची घोषणा होती. के कोणतीही सनद मागत नाही. जन्म, स्मृती, नाव यांपैकी काहीही त्याचे स्वतःचे नव्हते. त्याची कृती तेवढी त्याची होती.

या उत्तराची एक मर्यादाही दिसते. एकट्याच्या त्यागाने वॉलेसचा कारखाना बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी तेथे नवे प्रतिमानव तयार होतच राहणार. चित्रपटाने व्यवस्थेचा प्रश्न जिवंत ठेवून व्यक्तीचा प्रश्न सोडवला आहे, असे म्हणावे लागेल. कलाकृतीने याहून अधिक करावे अशी अपेक्षा गैर आहे. उरलेले काम प्रेक्षकाचे, कारण तोच नागरिकही असतो.

आज माणसासारखी बोलणारी, विचारपूस करणारी संगणकीय उत्पादने घराघरांत पोहोचत आहेत, आणि यंत्राला मन असते का, त्याला हक्क द्यावेत का, याची चर्चा हिरिरीने होत आहे. ती चर्चा व्यर्थ नाही. परंतु आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. त्यांच्यापैकी प्रत्येक जण आईच्या पोटी जन्मला होता. त्यांच्या माणूसपणाबद्दल कुठल्याही तत्त्ववेत्त्याला शंका नाही, आणि तरी त्यांच्या श्रमाचा मालक दुसराच आहे. यंत्र उद्या माणूस ठरेल की नाही, हे ठरवायला अजून अवधी आहे. जे निर्विवादपणे माणूस आहेत त्यांना सॅन डिएगोच्या त्या मुलांच्या रांगेत का बसावे लागते, या प्रश्नाला मात्र कोणत्याही शोधाची वाट पाहण्याची गरज नाही.